खोदकाम न करता गळक्या चेंबरची आणि ड्रेनेज लाइनची दुरुस्ती (चाकण, प्रिसिजन युनिट)

चाकणचा मेंटेनन्सवाला

नमस्कार मंडळी. आधी साइटची माहिती देतो, मग प्रश्न.

प्रोसेसच्या सांडपाण्याची लाइन आहे. २०० मिमी एसडब्ल्यूजी (भाजलेल्या मातीचा, ग्लेझ केलेला) पाइप, १८ मीटर लांब, दोन्ही टोकांना आरसीसी चेंबर. चेंबर आतून १.२ × ०.९ मीटर, खोली २.४ मीटर, भिंत २०० मिमी. सांडपाण्यात कूलंटचं इमल्शन, डीग्रीझिंगचं अल्कली पाणी आणि फॉस्फेटिंगचं आम्लधर्मी पाणी, म्हणजे पीएच ३ ते ११ कुठेही. अधूनमधून पेंट शॉपमधून थिनरही येतो.

पावसाळ्यात ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण प्लँटला) आवक वाढते. उन्हाळ्यात उलट, साप्ताहिक सुट्टीच्या रात्री चेंबरमधली पातळी खाली जाते. पहिल्या चेंबरपासून ४ मीटरवर सीएमएम रूम (अचूक मोजमापाच्या मशीनची खोली) आहे आणि दुसऱ्याला लागून सॉल्व्हंट स्टोअर. वर सव्वा मीटर मुरूम, खाली काळा पाषाण. ब्रेकर लावायला ना क्वालिटीवाले परवानगी देतात ना सेफ्टीवाले.

तीन ठेकेदार तीन गोष्टी सांगताहेत: एक पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउट, म्हणजे भेगेत पंपाने रेझिन भरणं, दुसरा आतून इपॉक्सीचं कोटिंग, तिसरा लायनर, म्हणजे जुन्या पाइपाला आतून रेझिनचं नवं अस्तर. आधी काय करायचं आणि कोणाचं ऐकायचं?

---

पाझर

तिघांचंही ऐका, पण गळती नेमकी कुठून आहे हे कळाल्यावर. आत्ता तिघेही स्वतःकडे जो माल आहे तोच विकताहेत.

तुमच्याकडे पाणी दोन्ही दिशांनी जातंय. पावसाळ्यात भूजल पाइपाच्या वर चढतं आणि आत शिरतं; उन्हाळ्यात ते खाली गेलं की सांडपाणी बाहेर झिरपतं. छिद्र तेच. ही दुसरी दिशा जास्त महाग पडते, कारण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जमिनीत सांडपाणी सोडायला परवानगी नसते आणि शेजारच्या प्लॉटमध्ये बोअर असतंच.

शोधायचा क्रम असा ठेवा:

१. उत्पादन बंद असताना, रात्री, दोन्ही चेंबरमध्ये येणारं पाणी बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. बरोबर कंडक्टिव्हिटी मीटर ठेवा. प्रोसेसचं पाणी, एमआयडीसीचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी या तिघांचे आकडे आधी लिहून ठेवले की चेंबरात टपकणारं पाणी कोणाच्या घरचं ते लगेच कळतं.

२. लाइन जेटिंग करून (जोराच्या पाण्याने धुऊन) कॅमेरा फिरवा. जेटिंगशिवाय कॅमेऱ्याचे पैसे वाया. ग्रीसच्या थराखाली सांधा दिसत नाही. एसडब्ल्यूजीचे नळ ६० सेंमीचे असतील तर १८ मीटरमध्ये सुमारे ३० सांधे आले. चार-पाच खराब निघाले तर पॅच लावता येतो. दर दुसरा सांधा उघडा असेल तर पॅचचा हिशोबच करू नका.

३. पाइप आणि चेंबर वेगवेगळे तपासा. पाइपाच्या दोन्ही टोकांना हवेने फुगणारे प्लग लावून फक्त पाइप भरा. मग प्लग तसेच ठेवून फक्त चेंबर भरा. दोन्ही एकदम भरले तर पातळी का उतरली ते शेवटपर्यंत कळत नाही.

४. पावसाळी लाइन जवळून जाते का पाहा. जात असेल तर चेंबरमध्ये फ्लुरोसीन टाका आणि पावसाळी लाइनच्या पुढच्या चेंबरात हिरवा रंग येतो का बघत राहा. कॅमेऱ्यात न दिसणारी गळती अशी सापडते.

अशा चेंबरमध्ये पहिला संशय पाइप जिथे भिंतीत शिरतो त्या कड्यावर घ्यायचा. चेंबर खडकावर बसलेलं असतं आणि पाइप भरावावर. पाइप थोडा बसतो, चेंबर बसत नाही, आणि भिंतीतला मसाला तुटतो.

---

परमिट-प्लीज

वरचं सगळं बरोबर. पण "चेंबरमध्ये टपकणारं पाणी" वाचून कोणी टॉर्च घेऊन आत उतरेल, म्हणून आत्ताच लिहितो.

हे चेंबर म्हणजे कन्फाइन्ड स्पेस. थिनर येतो म्हणजे एलईएल (हवेत वाफेचं जे किमान प्रमाण झालं की ती पेट घेऊ शकते ते) बघायची, आणि कूलंट सडलं की हायड्रोजन सल्फाइड. चार गॅसचा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी रीडिंग घ्या. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, एलईएल १० टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली. ड्रिलिंग करायचं असेल तर एलईएल १० चालणार नाही, शून्यच हवा. गाळ हलवला की रीडिंग बदलतं, म्हणून मीटर काम संपेपर्यंत माणसाच्या छातीवर चालू राहिला पाहिजे.

ब्लोअर फ्लेमप्रूफ, डक्ट स्थिर वीज न साठवणारा आणि अर्थ केलेला. डक्टचं तोंड तळापासून अर्ध्या मीटरवर. हवा घेणारं तोंड डिझेल जनरेटरच्या धुराकडे किंवा सॉल्व्हंट स्टोअरच्या व्हेंटकडे नको. आतला दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको, हे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३६अ मध्येच होतं, आणि ज्वलनशील वाफ येऊ शकते तिथे तोही फ्लेमप्रूफच. ट्रायपॉड, हार्नेस, वर एक माणूस, आणि त्या माणसाकडे दुसरं कुठलंही काम नाही.

गाळ काढायला माणूस उतरवू नका. सक्शन-जेटिंगची गाडी आणा. २०१३ च्या कायद्याने गटाराची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं गुन्हा आहे, आणि गटारातल्या मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली आहे. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून तुमची जबाबदारी टळत नाही.

आणि प्लग. २०० मिमी पाइपाच्या प्लगवर २ मीटर पाणी उभं असेल तर त्यावर साधारण ६३ किलोचा जोर असतो. हवा उतरली तर तो प्लग तोंडावर येतो. मागून लाकडी टेकू द्या, दोरी बांधा, आणि प्लगसमोर कोणी बसू नका.

---

रेझिनकाका

इंजेक्शनचं मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

वाहतं पाणी थांबवायला पाण्याशी रिअ‍ॅक्ट होणारा हायड्रोफोबिक (पाणी न शोषणारा) पीयू फोम लागतो. पण फोम हा कायमचा इलाज नाही. तो पाणी अडवतो. त्याच्या मागोमाग न फुगणारं पीयू रेझिन त्याच फटीत गेलं पाहिजे. बहुतेक ठेकेदार फोम मारून, वरून मसाला लावून बिल देतात. पुढच्या जुलैत पाणी त्याच जागी हजर.

२०० मिमी भिंतीतल्या भेगेसाठी ड्रिल ४५ अंशांत करायचा, भेगेपासून १०० मिमी अंतरावरून, म्हणजे भोक साधारण १४० मिमीवर भेगेला भिंतीच्या मध्यावर छेदतं. भोकं एकदा भेगेच्या डावीकडून, एकदा उजवीकडून, १५० ते २०० मिमी अंतराने. १३ मिमीचा पॅकर (भोकात बसवून रेझिन आत ढकलायची तोटी), १४ चा बिट. भोकं पाण्याने धुऊन घ्या. ड्रिलची पूड आत राहिली की रेझिन भेगेपर्यंत पोचतच नाही, पंपावर दाब मात्र छान दिसतो, आणि लोकांना वाटतं भेग भरली.

पाइपाच्या कड्याला: बाहेरचा व्यास सुमारे २५० मिमी धरला तर परीघ ७८५ मिमी. भोवती ६ ते ८ पॅकर, पाइपाच्या कडेपासून थोडे दूर आणि आत कललेले. ड्रिल पाइपालाच लागला तर एसडब्ल्यूजी फुटतो आणि कामाची व्याप्ती वाढते.

सुरुवात सगळ्यात खालच्या पॅकरपासून. शेजारच्या पॅकरमधून रेझिन डोकावलं की तिकडे सरका. वरून सुरुवात केली तर पाणी खाली अडकतं आणि खालची अर्धी भेग रेझिनविना राहते. आणि एक-दोन भोकं पाणी निघायला मोकळी सोडा. ती सगळ्यात शेवटी बंद करायची. पाणी फारच जोरात असेल तर ओकमची (तागाच्या तंतूंची) दोरी हायड्रोफिलिक (पाणी शोषून फुगणाऱ्या) रेझिनमध्ये भिजवून कड्यात ठोका, वरून झटपट सेट होणारा प्लगिंग सिमेंट दाबा, मग पॅकर.

किती माल लागेल? भिंतीच्या मागे पोकळी नसेल तर अशा एका कड्याला १ ते २ किलो पुरतो. एकाच पॅकरमध्ये ३ किलो गेला आणि दाबच चढत नसेल तर थांबा. तो माल भेगेत जात नाहीये, मुरमात फिरायला निघालाय. अशा वेळी अजून ओतत राहणारा ठेकेदार किलोवर बिल लावतो हे लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात माल उन्हात ठेवू नका. तापमान १० अंशांनी चढलं की रिअ‍ॅक्शनचा वेळ साधारण निम्मा होतो आणि कॅटॅलिस्टचं प्रमाण पुन्हा ठरवावं लागतं. बादलीत छोटा नमुना करून वेळ मोजल्याशिवाय पंप चालू करायचा नाही.

---

चाकणचा मेंटेनन्सवाला

रेझिनकाका, आभार. ड्रिलमुळे सीएमएमवर परिणाम होईल का? आणि फोम फुगून फरशी उचलेल का, असं क्वालिटीवाले विचारतात.

---

खडकफोड्या

२ किलोचा रोटरी हॅमर आणि जेसीबीवरचा ब्रेकर यांची तुलनाच नाही. तरी ड्रिलिंग मोजमाप बंद असलेल्या शिफ्टमध्ये घ्या, आणि क्वालिटीवाल्यांना कामाआधी-नंतर त्यांच्या मास्टर गोलावर चेक करू द्या. वाद मिटतो. सॉल्व्हंट स्टोअरच्या बाजूच्या चेंबरला इलेक्ट्रिक ड्रिल वापरू नका. हवेवर चालणारा ड्रिल, बिटावर पाणी सोडून.

फरशी उचलण्याची भीती मात्र खरी आहे. फुगणारा फोम पोकळीत अडकला की वर ढकलतो. सीएमएम रूमच्या बाजूला फरशीवर आणि मशीनच्या बेसवर ०.०१ मिमीचे डायल गेज लावा. काटा ०.०५ सरकला की पंप बंद. शंका असेल तर त्या बाजूला फोम नकोच.

आता पोकळीचं. तुमच्या चेंबरात पावसाळ्यानंतर लालसर बारीक मुरूम साचतो का? साचत असेल तर पाण्याबरोबर भिंतीमागचा भराव आत येतोय आणि मागे खळगा तयार झालाय. भिंतीवर हातोड्याने टकटक करा, पोकळ आवाज येतो. हा खळगा आधी स्वस्त मालाने भरायचा, महागडं रेझिन नंतर. सिमेंट, पाणी सिमेंटच्या ०.८ पट, आणि २ ते ३ टक्के बेंटोनाइट. बेंटोनाइट आधी पाण्यात भिजवून फुगू द्या, मग सिमेंट. पंपाचा दाब देऊ नका. फनेल आणि १ ते दीड मीटर उंचीचा पाइप पुरे. २ मीटर मातीचं वजनच जेमतेम ०.४ बार होतं, त्याच्यावर गेलात की फरशी उचललीच म्हणा.

दुसरं, आपल्या पठारावरच्या पाषाणात पाणी मातीसारखं सगळीकडून येत नाही. ते मुरूम आणि खडकाच्या सांध्यावरून, आणि खडकातल्या चिरांमधून वाहतं. एका जागी अडवलं की त्याच पातळीवर पुढची कमजोर जागा शोधतं. म्हणून चेंबरात जिथे ओल दिसते तेवढंच बंद करू नका. मुरूम-खडकाच्या पातळीचा पूर्ण पट्टा, चारही भिंतींवर, आणि तळ-भिंतीचा कोपरा एकाच वेळी घ्या. अर्धवट केलंत तर पुढच्या पावसात ठेकेदार म्हणेल "ही नवीन गळती आहे, साहेब", आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर असेल.

अ‍ॅक्रिलेट जेलचा पडदा भिंतीमागे मारायला कोणी सुचवेल. पाण्याइतका पातळ, बारीक चिरांत छान जातो. पण एप्रिल-मेमध्ये भूजल खाली गेलं की तो सुकून आकसतो. पाऊस आला की पुन्हा फुगतो, तोपर्यंत पहिले काही दिवस गळतं. तुमची उन्हाळ्यातली बाहेर जाणारी गळती त्याच्या भरवशावर सोडू नका. अ‍ॅक्रिलामाइडवाला जुना माल तर दारातूनच परत पाठवा. तो मज्जासंस्थेला विषारी आहे आणि चिरांमधून शेजारच्या बोअरपर्यंत जाऊ शकतो.

---

ईटीपीवाली

सगळे पाणी अडवण्याबद्दल बोलताहेत, पण आतून जे वाहतंय त्यात हा माल टिकणार का?

पीएच ३ चं पाणी साध्या सिमेंटला खातं. कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेटचा मसाला घरगुती गटारातल्या जिवाणूंच्या आम्लापुढे चांगला टिकतो, म्हणून लोक डोळे झाकून तोच सुचवतात. पण फॉस्फेटिंगचं आम्ल वरून रोज ओतलं जात असेल आणि मध्येच पीएच ११ येत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. पोटॅशियम सिलिकेटचा आम्लरोधी मसाला अल्कलीत मरतो. साधं पॉलिएस्टर रेझिनही अल्कलीत कमजोर. थिनर पीयू आणि साध्या इपॉक्सीला मऊ करतो. तुमच्या मिश्रणाला नोव्होलॅक प्रकारचं इपॉक्सी किंवा व्हिनाइल एस्टर बघा.

"बघा" म्हणजे कॅटलॉग नव्हे. ठेकेदाराकडून पक्क्या झालेल्या रेझिनचे छोटे तुकडे घ्या. एक तुमच्या खऱ्या सांडपाण्यात, एक त्यात थिनर मिसळून, एक साध्या पाण्यात. ७ दिवस झाकणबंद. आधी आणि नंतर वजन करा, नखाने आणि शोअर मीटरने कडकपणा बघा. थिनरचा तुकडा फुगला किंवा चिकट झाला तर तो माल बाद. आणि थिनर ड्रेनमध्ये येतोच का हे पेंट शॉपला विचारा. लायनरपेक्षा तिथे एक ड्रम ठेवणं स्वस्त आहे.

लायनरबद्दल: पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टरमध्ये स्टायरीन असतं. क्युअरिंगच्या वेळी वास फ्लोअर ट्रॅपमधून शॉपमध्ये चढतो, आणि तो फार कमी प्रमाणातही नाकाला झोंबतो. सगळे ट्रॅप पाण्याने भरून घ्या, कोरडे ट्रॅप फुग्याने बंद करा. गरम पाण्याने क्युअर केलं तर ते पाणी थेट ईटीपीच्या एअरेशन टाकीत सोडू नका, जिवाणू मरतील. वेगळ्या टाकीत घ्या, तपासा, हळूहळू सोडा. स्टायरीन नसलेलं इपॉक्सी किंवा यूव्हीने पक्का होणारा काचतंतूचा लायनर घेतला तर ही कटकट बरीच कमी होते.

चेंबरातला गाळ आणि खरवडलेला मसाला डंपरमध्ये टाकू नका. तो २०१६ च्या नियमांत घातक कचरा ठरू शकतो. मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंद-पावती) करून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामाईक सुविधेत पाठवा.

---

पाझर

लायनरचा आकडा देतो म्हणजे कोटेशन तपासता येईल. २०० मिमी पाइप, ६ मिमी जाडी, १८ मीटर: लायनरचं आकारमान सुमारे ६६ लिटर. लायनरच्या फेल्टच्या (रेझिन शोषणाऱ्या कापडाच्या) तंतूंची जागा वजा करून आणि सांध्यांत शिरायला ५ ते १० टक्के जादा धरून रेझिन ६० ते ७० लिटरच्या आसपास लागतं. कोणी ४० लिटरमध्ये करतो म्हणाला तर लायनर कुठेतरी कोरडा राहणार.

आणि एक चूक अगदी ठरलेली आहे. ग्रीसने माखलेल्या जुन्या पाइपाला लायनर चिकटत नाही. लायनर आणि जुना पाइप यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते, भूजल त्या फटीतून चालत चालत चेंबरपर्यंत येतं आणि लायनरच्या तोंडाशी बाहेर पडतं. पाइप तसाच गळतोय असं वाटतं. म्हणून लायनर ओढण्याआधी दोन्ही टोकांना, चेंबरच्या भिंतीच्या जाडीच्या आत, फुगणाऱ्या रबराची रिंग बसवायची. रिंग शेवटच्या क्षणी बसवा. आदल्या दिवशी ओल्या पाइपात ठेवली तर लायनर यायच्या आधीच ती फुगून बसते.

माझ्या मते क्रम: पाइपाचं लायनिंग, मग कड्याचं इंजेक्शन, मग भिंती, शेवटी आतलं कोटिंग.

---

रेझिनकाका

क्रमाबद्दल थोडा असहमत. पहिल्या चेंबरात कड्यातून जोरात पाणी येत असेल तर लायनरचं टोक आणि रिंग तिथे नीट बसणारच नाही. कड्याचा फोम आधी, फक्त पाणी थांबण्यापुरता. मग लायनर. मग कड्यात न फुगणाऱ्या रेझिनचा दुसरा हप्ता, नवे पॅकर मारून, कारण तोपर्यंत जुने बुजलेले असतात. कड्याला दोनदा हात लागतो, खर्च थोडा वाढतो.

---

पाझर

मान्य. जोरात वाहत असेल तर तुमचाच क्रम. नुसती ओल असेल तर माझा.

---

खडकफोड्या

कोटिंगचं कोणी लिहिलं नाही. आतून इपॉक्सी मारणारा तुमचा दुसरा ठेकेदार बहुधा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा असावा. गच्चीत पाणी कोटिंगला स्लॅबवर दाबतं. चेंबरात पावसाळ्यात भूजल मागून ढकलतं, आणि ओल्या भिंतीवरच्या इपॉक्सीला फोड येतात. आधी ३०० ते ५०० बारच्या पाण्याने सैल काँक्रीट काढा. तुटलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिन टाकून जिथे गुलाबी येत नाही तेवढा थर उडवा. मग इपॉक्सी-सिमेंटचा ओलावा रोखणारा थर, आणि त्यावर नोव्होलॅक. चिकटण्याची पुल-ऑफ चाचणी १.५ न्यूटन प्रति चौ. मिमी तरी यायला हवी.

भिंतच खूप खाल्लेली असेल तर कोटिंगचा नाद सोडा. तयार एफआरपीचा (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचा) आतला डबा बसवून मधली जागा ग्राउटने भरा. अडचण एकच, झाकणाच्या तोंडातून डबा जात नाही, तुकड्यांत आणून आत जोडावा लागतो. एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) डबा आत वेल्ड करावा लागतो, तो सॉल्व्हंट स्टोअरजवळ नको.

---

चाकणचा मेंटेनन्सवाला

शेवटचं: काम पास झालं हे कसं ठरवायचं? ठेकेदार म्हणतो "डोळ्यांनी कोरडं दिसलं की झालं".

---

पाझर

उन्हाळ्यात सगळंच कोरडं दिसतं. युरोपियन ईएन १६१० मधला निकष टेंडरमध्ये घाला: चेंबरसाठी ३० मिनिटांत ओल्या पृष्ठभागाच्या प्रति चौ. मीटर ०.४० लिटर, नुसत्या पाइपासाठी ०.१५ लिटर, एवढीच घट चालते.

तुमचं चेंबर २ मीटर भरलं तर भिंती ८.४ आणि तळ १.०८, एकूण ९.४८ चौ. मीटर. म्हणजे ३० मिनिटांत ३.८ लिटर चालतात, आणि ते पातळीत फक्त साडेतीन मिलिमीटर दिसतात. टेप लावून हे मोजता येत नाही. बाजूला पारदर्शक नळी उभी करा किंवा टोकदार हुक गेज वापरा. चाचणीआधी किमान तासभर भरून ठेवा, नाहीतर काँक्रीट पाणी पितं ते गळतीत धरलं जाईल. चाचणीचं पाणी ईटीपीलाच सोडायचं, पावसाळी लाइनमध्ये नाही.

ही चाचणी बाहेर जाणाऱ्या गळतीची. आत येणाऱ्या गळतीसाठी दुसरी पाहणी ऑगस्टमध्ये, भूजल सगळ्यात वर असताना, उत्पादन बंद ठेवून. १० ते १५ टक्के रक्कम तोपर्यंत रोखून ठेवा, आणि वर्क ऑर्डरमध्ये "पट्ट्यातली कुठलीही गळती, नवी वा जुनी" असंच लिहा.

---

परमिट-प्लीज

ऑगस्टच्या पाहणीलाही परमिट लागतं बरं का. फक्त डोकावायचं असलं तरी झाकण उघडल्यावर मीटर आधी आत, डोकं नंतर.